शेणूताईच्या गोळ्याचा घोटाळा

एक होती टेकडी. टेकडीला एकच वाट. वाट एवढीशी, आणि माणसं एवढाली!

त्या वाटेच्या काठी राहायची शेणूताई. शेणूताई म्हणजे शेणकिडा. काळी काळी, चकचकीत. तिच्याकडे होता शेणाचा गोळा.

शी म्हणू नका! गोळ्याच्या आत होतं तिचं अंडं. एकुलतं एक.

शेणूताई गोळा घेऊन घरी निघाली. मागच्या पायांनी ढकलत, उलटी उलटी. गडगड गडगड!

"ऊन चढायच्या आत पोचायला हवं," ती म्हणाली. "नाहीतर गोळा वाळेल. माझं अंडंही वाळेल!"

तेवढ्यात आली सायकल. ट्रिंग ट्रिंग! सायकलवर दादा. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. पुढे चालले होते काका. कानांवर माकडटोपी.

ट्रिंग ट्रिंग! काका सरकले डावीकडे. दादाही डावीकडे! काका सरकले उजवीकडे. दादाही उजवीकडे! डावीकडे, डावीकडे! उजवीकडे, उजवीकडे! नाचच झाला नुसता.

करकच्च! दादाने ब्रेक दाबला. सायकल थांबली आणि जराशी मागे घसरली. मागे होता दगड. दगड आणि चाक यांच्या मधे अडकला शेणूताईचा गोळा. घट्ट!

शेणूताई म्हणाली, "दादा दादा, पुढे हल ना! चाक हलत नाही. माझा गोळा सुटत नाही!"

दादा म्हणाला, "मी नाही हलणार! माझ्या सायकलला सत्तावीस गियर. पण काकांच्या आरपार जायचा गियर नाही. आधी काका हलू देत."

ऊन आलं झाडावर. शेणूताई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

"काका काका, हला ना! दादा हलत नाही. चाक हलत नाही. माझा गोळा सुटत नाही!"

काका म्हणाले, "मी नाही हलणार! दोनदा हललो, दोनदा हा अंगावर आला. आता मी मधोमध उभा राहणार! आणि पुढे बघ, काकू उभ्या आहेत. आधी काकू हलू देत."

ऊन आलं गवतावर. शेणूताई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

काकू टेकडी चढत होत्या उलट्या. गुडघे दुखू नयेत म्हणून. तोंड काकांकडे, पाठ टेकडीकडे.

"काकू काकू, हला ना! काका हलत नाहीत. दादा हलत नाही. चाक हलत नाही. माझा गोळा सुटत नाही!"

काकू म्हणाल्या, "मी नाही हलणार! माझ्या पायाला काहीतरी मऊ मऊ लागतंय. काय आहे गं ते?"

"कुत्रा आहे," शेणूताई म्हणाली.

"अगं बाई! मग आधी कुत्रा हलू दे."

ऊन आलं दगडावर. शेणूताई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

कुत्र्याचं नाव भज्या. भज्या झोपला होता. चारही पाय वर. घुर्र फुस्स! घुर्र फुस्स!

"भज्या भज्या, हल ना! काकू हलत नाहीत. काका हलत नाहीत. दादा हलत नाही. चाक हलत नाही. माझा गोळा सुटत नाही!"

भज्याने एक डोळा उघडला. "मी नाही हलणार! पुढे म्हैस बसलीय. तिचं शेपूट लागतं फाटकन! आधी म्हैस हलू दे."

ऊन आलं चाकावर. शेणूताई पळाली. तुरुतुरु तुरुतुरु!

म्हैस बसली होती वाटेत आडवी. रवंथ चालला होता. चबक चबक!

"म्हशीबाई म्हशीबाई, हला ना! भज्या हलत नाही. काकू हलत नाहीत. काका हलत नाहीत. दादा हलत नाही. चाक हलत नाही. माझा गोळा सुटत नाही!"

म्हैस म्हणाली, "मी नाही हलणार! मी आत्ताच डुंबून स्वच्छ होऊन आले. आणि पुढे बघ. शेणाचा ढीग!"

"कोणी टाकला?"

"मीच. सकाळी खाली जाताना."

घ्या! आपलंच शेण, आपल्याच वाटेत!

म्हैस म्हणाली, "त्यातलंच घे की. नवा गोळा कर."

शेणूताईला रडू आलं. "नव्या गोळ्यात माझं अंडं नाही ना!"

मग तिने डोळे पुसले. ढिगाकडे पाहिलं. ढीग मोठा होता. ताजा होता. मऊ होता. वास तर काय सुटला होता!

दादाने नाक धरलं. काकांनी नाक धरलं. काकूंनी नाक धरलं. "शी शी शी!"

शेणूताई म्हणाली, "वा वा वा!" आणि जोरात हाक मारली, "जेवायला चला!"

भुर्र भुर्र! मावशी आली. भुर्र भुर्र! मामा आला. भुर्र भुर्र! आत्या आली, आत्याची चाळीस पोरं आली. सगळ्यांनी गोळे केले. गडगड गडगड! गडगड गडगड! ढीग गायब!

म्हैस उठली. धप्प!

म्हैस हलली, भज्या हलला. भज्या हलला, काकू हलल्या. काकू हलल्या, काका हलले. काका हलले, दादा हलला. दादा हलला, चाक हललं. चाक हललं आणि...

टप्प! गोळा सुटला!

शेणूताईने गोळ्याला मिठी मारली. मग लागली ढकलायला. उलटी उलटी, गडगड गडगड.

सगळे गेले वर. सगळे आले परत खाली. बघतात तर काय? शेणूताई अजून वाटेतच! आणि ऊन आलं गोळ्यावर.

ट्रिंग ट्रिंग! दादा म्हणाला, "चल चल, लवकर! मला सत्तावीस गियर आहेत."

शेणूताई म्हणाली, "मला एकच आहे. उलटा! तू थांब."

काकू म्हणाल्या, "माझ्यासारखी उलटी! बरोबर चालतेस गं बाई!" आणि त्या थांबल्या. काका थांबले. दादा थांबला. भज्या थांबला. म्हैससुद्धा थांबली. सगळे एका रांगेत उभे. सगळ्यांची सावली पडली गोळ्यावर. गार गार!

सावलीतून शेणूताई गेली घरी. गडगड गडगड, गुडुप!

गोळा बिळात, अंडं गोळ्यात. आणि वास?

वास दादाच्या चाकाला!