सोन्याचे तीन राजे

एका राज्यात शतायुध नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, दाता होता आणि देखणा तर असा, की भाटांना त्याचे वर्णन करताना शब्द पुरत नसत. पण त्याचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता! नजराण्यात रत्न आले, की तो आपल्या अंगठीतले माणिक त्यावर घासून बघे. राणी वनलेखा माहेरून परतली, की तिच्या गळ्यातला हारसुद्धा गुपचूप तोलून घेई, वाटेत खडे बदलले तर नाहीत ना म्हणून. राणीला हे ठाऊक होते. तिला राग येई, आणि तरीही तिचा त्याच्यावर जीव होता.

एके दिवशी त्रिकूट नावाचा मांत्रिक दरबारी आला. त्याने राजाला सोन्याचे फळ दिले. आभार राहिले बाजूला, राजाने आधी कसोटीचा काळा दगड मागवला, त्यावर फळ घासले आणि उमटलेली रेघ डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"माझ्या दानाचा कस लावतोस?" मांत्रिक गरजला. "मग तूच सोने हो!"

राजा अंगठीसकट सोन्याचा झाला, अंगठीतले माणिक तेवढे माणिकच राहिले. मांत्रिकाने टाळी वाजवली, तसे एकाचे तीन राजे झाले.

"राणी, यांतला एक तुझा. पुनवेच्या दिवशी एक निवड. उरलेले दोघे माझ्या मुशीत वितळतील."

एवढे बोलून त्याने आपला पोपट राणीच्या खांद्यावर ठेवला. पोपट गोड बोलू लागला. जास्तच गोड बोलतो आहे, असे राणीला वाटले.

राणीने ठरवले, अंगठीतले माणिक तोलायचे आणि सोन्याचा कस लावायचा. तोलायला गुंजा हव्यात. पण कोठारातल्या गुंजांवरून आणि राजाच्या कसोटीवरून मांत्रिकाची नजर फिरलेली होती, म्हणून राणीने त्यांना हात लावला नाही. ती रानात गेली. तिथे गुंजेच्या वेलीला नाग वेटोळे घालून बसला होता.

"गुंजा कशाला हव्यात?" नागाने विचारले.

"नवरा ओळखायला."

"मग ये, तोडून घे."

"तूच खाली पाड. तुझा भरवसा काय?"

नाग हसला आणि त्याने शेपटीने वेल झटकली.

मग राणी कसोटीच्या दगडासाठी तळ्यावर गेली. तळ्यातल्या कासवाने तिच्यापुढे कसोटीचे दोन दगड ठेवले, एक चकचकीत आणि एक मळकट. राणीने दोन्हींवर आपली बांगडी घासली. ती आईने दिलेली होती, बावनकशी. चकचकीत दगडावर मातीचीसुद्धा रेघ सोन्यासारखी दिसली असती, असा त्याचा रंग होता. राणीने मळकट दगड उचलला आणि कासवाकडे पाठ न करता ती परतली.

आता तिसरे काम उरले होते, निवडण्याचे. पुनवेच्या सकाळी भट्टी धडधडत होती. राणीने तिन्ही अंगठ्यांतली माणके काढून तोलली. राज्याभिषेकाच्या दिवशी राजाचे माणिक जितके भरले होते, तितकीच दोन माणके भरली. तिसरे एका गुंजेने कमी! मग तिने तिन्ही राजांच्या टाचा दगडावर घासल्या. दोन रेघा बांगडीच्या रेघेसारख्या पिवळ्याधमक उमटल्या. तिसरी तांबूस होती.

"राणीसाहेब, तिसरा नकली," प्रधान देवशर्मा म्हणाले. "पहिल्या दोघांतून निवडावे."

"अगदी खरे!" पोपट म्हणाला.

पोपटाला इतकी घाई का? राणीने त्याच्याकडे रोखून पाहिले.

"पोपटा, त्या दिवसाआधी तुझ्या मालकाने महाराजांना पाहिले होते?"

"कधीच नाही! भाटांची गाणी तेवढी ऐकली होती, त्यांवरूनच तर घडवले..." आणि पोपटाने चोच मिटली.

राणीने तिसरे माणिक उन्हात धरले. ते एका बाजूने झिजलेले होते. गाण्यातले माणिक कशाला झिजेल? पण चूक झाली, तर तिच्या डोळ्यांदेखत तो वितळणार होता. तिने तिसऱ्याच्या छातीवर हात ठेवला.

"हा माझा."

"हीण असलेला?" मांत्रिक ओरडला.

"हो. याच्याशीच मी संसार केला आहे."

हाताखालची छाती ऊबदार झाली. उरलेल्या दोन राजांची वाफ झाली. ती भाटांच्या आवाजात गात गात उडाली आणि मांत्रिकालाही घेऊन गेली. पोपट मात्र बोलणे विसरून रानात निघून गेला. नगरात नौबत वाजली आणि राजा पुन्हा सिंहासनावर बसला.

"देवी, मला कसे ओळखलेस?" त्याने विचारले.

"माणिक झिजलेले होते. आणि सोन्यात हीण होते."

राजाचा चेहरा उतरला.

"किती होते?"

राणी हसली. "चला महाराज, पाने वाढली आहेत."

पुढे राजाने पुष्कळ वर्षे न्यायाने राज्य केले. राणीचा हार पुन्हा कधी तराजूत गेला नाही. पण अधूनमधून, दोघेच असताना, तो हळूच विचारी, "थोडे होते, की फार?"

राणीने ते त्याला शेवटपर्यंत सांगितले नाही.