हिरूबाईच्या तांबड्या केसांची कहाणी

कहाणी सांगणं माझं काम नाही. सुनेचा घसा बसला, मग बायकांनी मला पाटावर बसवलं. आता बसवलंच आहे, तर मुकाट ऐका. अक्षता हातात घ्या.

आटपाट बंदर होतं. तिथं एक तांडेल होता, नाव धर्मा. गलबत हाकायचा. त्याची बायको हिरूबाई. तिचे केस पंचविशीतच पांढरे झाले. बायका म्हणत, "धर्मा, बायको आणलीस की सासू?" मग धर्मानं परमुलखातून मेंदीचं रोप आणलं, परसात लावलं. मेंदी वाढली, हिरूबाईचं डोकं पळसासारखं तांबडं झालं.

बंदराच्या तोंडाशी खडक. आत यायची वाट एकच, अरुंद. तिच्या नीट समोर टेकाड. धर्मा म्हणाला, "मी येईन तेव्हा टेकाडावर उभी राहा. तुझं डोकं दिसलं की सुकाणू त्याच्यावर धरीन." हिरूबाई म्हणाली, "बरं."

धर्मा दर्यावर गेला. मग सासू म्हणाली, "माझा लेक पाण्यावर आहे. घरात पारोसं चालायचं नाही. रोज डोक्यावरून न्हायचं." रोज कढत पाणी, रोज शिकेकाई, रोज उन्हात केस वाळवणं. सासूच्या मनात पाप नव्हतं. पण रंग उतरला. आधी विटकरीसारखा झाला, मग वाळल्या गवतासारखा, मग काहीच नाही.

मार्गशीर्षात गलबत आलं. दर्यावर धुरकट होतं. हिरूबाई टेकाडावर उभी राहिली. गलबत घुटमळलं, मागं फिरलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी त्याचं बूड खडकाला घासलं, आवाज टेकाडापर्यंत आला. हिरूबाई रडू लागली.

मग एक म्हातारी आली. ती जळदेवता होती. म्हणाली, "बाई बाई, का रडतेस?"

"माझा रंग गेला. आता धनीही जाईल."

"मग मी सांगते तो वसा घे."

"घेईन. पण घरात सासू आहे."

म्हातारी हसली. "सासूलाही सांग. मेंदीचा पाला वाटावा, ताकात कालवावा, लोखंडी कढईत भिजू द्यावा. केसांना लावून वर केळीचं पान बांधावं. गार पाण्यानं उतरवावा. मग आठ दिवस डोक्यावरून न्हाऊ नये. कढत पाणी वर्ज्य, शिकेकाई वर्ज्य, उन्हात उघडं डोकं वर्ज्य. रंग विटायच्या आधी शुक्रवार धरून पुन्हा लावावा. कंटाळू नये, विसरू नये, कुणी हसलं म्हणून सोडू नये."

हिरूबाई घरी आली, वसा सांगितला. सासू म्हणाली, "आठ दिवस पारोशी? माझ्या चुलीपाशी?"

"आत्याबाई, आज गलबत खडकाला घासलं."

सासू उठली. न्हाणाचा हंडा चुलीवरून उतरवला, पाटा धुतला आणि स्वतः पाला वाटायला बसली.

दुसऱ्या दिवशी लेप उतरवून दोघी टेकाडावर गेल्या. हिरूबाईनं पदर खाली घेतला. गलबत वळलं. डावीकडं खडक, उजवीकडं खडक, मधून सरळ आलं, धक्क्याला लागलं. धर्माचे ओठ फुटले होते. एक तांब्या प्याला, दुसरा प्याला, तिसरा प्याला. मग आईकडं बघून म्हणाला, "आये, मला दोन डोकी दिसली. कुठल्यावर धरू कळेना."

सासूनं पदर पुढं ओढला. "लेप उरला होता. टाकायचा कुठं?"

जशी जळदेवता तिला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. तुमचा रंग टिको, गेलेलं माणूस धक्क्याला लागो. साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत आवरली, सुफळ झाली, पुरी झाली. टाका अक्षता.

आणि भर देवळात मला टकल्या म्हणून अजून माफी न मागितलेला माणूस ओटीवर बसून ऐकतो आहे, त्याचं नाव बाबल्या घाग.