कललेल्या गलबतातली टाकी

फार फार वर्षांपूर्वी, समुद्रकाठच्या एका राज्यात घडलेली ही गोष्ट. नारळी पौर्णिमेनंतरचा दिवस होता. आभाळ निवळले होते, वारा मंद होता आणि बंदरातले पाणी संथ होते. सगळी गलबते दूरदेशी निघायच्या तयारीत होती.

एक तांडेल मात्र आपल्या गलबताच्या पोटात, गोड्या पाण्याच्या लाकडी टाकीपाशी बसून होता. गेल्या खेपेला ती टाकी अर्ध्या वाटेतच रिकामी झाली होती आणि त्याचा म्हातारा सुकाणूवाला तहानेने तडफडून गेला होता. परतल्यावर त्या म्हाताऱ्याच्या बायकोसमोर तांडेलाला मान वर करता आली नव्हती.

धाकट्या भावाने टाकीच्या तळाच्या फटींत कापूस आणि राळ भरली होती. रात्रभर पाणी भरून ठेवले होते. खाली एक थेंब नव्हता.

"दादा, टाकी ठणठणीत आहे. चल, सगळे निघाले."

"गेल्या वेळीही बंदरात ती ठणठणीतच होती," तांडेल म्हणाला आणि खलाशांकडे वळला. "तळातले दगड एका अंगाला सरकवा."

हे दगड म्हणजे गलबताला तोलून धरणारे वजन. खलाशी कुरकुरले, पण त्यांनी दगड हलवले. भर वाऱ्यात कलते तसे गलबत जागच्या जागी कलले. शेजारच्या गलबताचा तांडेल पोट धरून हसू लागला.

"काय रे, बंदरातच बुडायची हौस आली का?"

इकडे टाकीतले पाणी एका बाजूने चढले आणि झाकणाखालच्या, एरवी कोरड्या राहणाऱ्या फळीला लागले. फळीच्या सांध्यातून बारीक धार सुटली. टाकीमागून ओघळत ती गलबताच्या तळातल्या खाऱ्या पाण्यात मिसळत होती. म्हणून ती आजवर कुणाला दिसलीच नव्हती.

तांडेलाने ती फळी काढून नवी बसवली. भावाने घाम पुसला. "झालं एकदाचं!"

"वारा काय नेहमी एकाच बाजूने येतो? दगड आता तिकडे घ्या."

"दादा, लोक हसतायत."

"हसू देत. त्यांच्या हसण्याने आपला घसा ओला होत नाही."

दुसरी बाजूही गळत होती. तिथली फळी बदलून होईपर्यंत बंदर रिकामे झाले होते. मग दगड पुन्हा जागेवर घेऊन आणि टाकी भरून तांडेलाने शीड चढवले.

पुढे कित्येक दिवस गलबते वाऱ्याने कलत गेली, मग भर समुद्रात वारा पडला. आधी निघालेली गलबतेही अडकून पडली. वल्ही मारत तांडेल एका गलबताजवळ पोचला. ते त्याच शेजाऱ्याचे होते. शेजारी कोरड्या ओठांनी म्हणाला, "पाणी आहे का रे? आमची टाकी गळून गेली."

"आहे. घडे दे इकडे."

"एवढं उरलं कसं तुझ्याकडे?"

"बंदरातच बुडायची हौस भागवून घेतली होती ना!" तांडेल म्हणाला आणि घडे भरू लागला.

वारा पुन्हा सुटल्यावर दोन्ही गलबते पैलतीराला लागली. एकही माणूस दगावला नाही. टाकीत वीतभर पाणी शिल्लक होते.

तात्पर्य : जे वादळात उपयोगी पडायला हवे, त्याची पारख शांत पाण्यात असतानाच, पण वादळात असल्यासारखी करावी.