सहा बोटांचे शंभर

एका राज्यात इंद्रसेन नावाचा राजा राज्य करीत असे. राज्याच्या सीमेवर धूमकेश मांत्रिकाची गुहा होती. धूमकेशाच्या दोन्ही हातांना तीन-तीनच बोटे. पण त्याच्याकडे मान वर करून पाहायची कोणाची छाती नसे, त्यामुळे ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती.

एकदा त्याने टोळधाड मंत्राने परतवली आणि दक्षिणा पानावर लिहून दिली: १० गाई. राजाने मोजून दहा धाडल्या. मांत्रिक खवळून दरबारात आला.

"मागितल्याहून जास्त? मला भिकारी समजलास?"

एवढे म्हणून त्याने राजाला गुडघ्यापर्यंत दगड केले. तीन हुकूम बिनचूक पाळले तरच सुटका, असा शाप दिला.

राजकन्या मेघावती पुढे झाली. पहिले पान आले: १० डाळिंबे. तिने दहा नेली. दगड कंबरेपर्यंत चढला. दुसरे पान आले: २० कमळे. तिने तीनदा मोजली, प्रधानाकडून मोजवली, वीसच भरली. दगड गळ्यापर्यंत आला.

"मुली, तुझे काही चुकले नाही," राजा कसाबसा म्हणाला. "मीही दहाच मोजल्या होत्या."

मग चुकले कोणाचे? खरे सांगतो, इथवर ऐकले तेव्हा माझीही मती गुंग झाली होती.

तिसरे पान आले: माळावरच्या विहिरीत १०० पायऱ्या उतर, तिथले पाणी आण. मेघावती उतरली. छत्तीस पायऱ्या झाल्या आणि पुढे काळेशार पाणी. उरलेल्या चौसष्ट पाण्याखाली असतील, असे समजून ती उडी घेणार, तोच काठावरून माळढोक पक्षी बोलला.

"थांब. शंभर झाल्या."

"पक्षिराज, छत्तीस झाल्या."

"तुझ्या हातांनी छत्तीस. माझ्या पायांना तीन-तीन बोटे. सहा मोजली की माझी बोटे संपतात, म्हणून तिथेच मी एकावर शून्य लिहितो. असे सहा-सहाचे सहा गट झाले की एकावर दोन शून्ये. पायऱ्या तेवढ्याच, लिहिणे निराळे."

"मग वीस म्हणजे बारा?"

"अर्थात. मांत्रिकाची बोटे कधी पाहिलीस?"

मेघावतीने कलश भरला आणि तडक गुहा गाठली. पाणी पाहून धूमकेश म्हणाला, "हे बरोबर. पण आधीची दोन चुकली."

"महाराज, आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवा."

भीती तिलाही वाटत होती, पण तिने हात मागे घेतला नाही. धूमकेशाने हात ठेवला. तीन बोटे आणि पाच बोटे. त्याने दोन्ही हातांची बोटे मोजून पाहिली.

"आपले १० माझ्या वडिलांनी आमच्या बोटांनी वाचले," ती म्हणाली. "आपण मागितले तेवढेच दिले, असे ते आजही समजतात."

"म्हणजे त्याने मला हिणवले नव्हते?"

"नाही."

"आणि मी त्याला दगड केले."

धूमकेश कलश घेऊन स्वतः राजवाड्यात आला. त्याने पाणी शिंपडले आणि दगड विरघळला. राजाने पाय हलवून पाहिले, मग मांत्रिकाचे दोन्ही हात हातात घेतले. इतक्या वर्षांत त्या हातांना कोणी शिवले नव्हते. मांत्रिकाच्या डोळ्यांना धार लागली.

त्या दिवसापासून त्या राज्यात आकड्याशेजारी तेवढे ठिपके काढायची रीत पडली. ही दहा बोटांची कहाणी सहा बोटी सुफळ संपूर्ण.