हौसाक्काच्या पाकळ्या

फार वर्षांपूर्वी, वाघजाईच्या डोंगरावर अजून धड पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि गावाला एकच झरा. गावात हौसाक्का नावाची बाई राहायची. तिला प्रश्न विचारायची भारी खोड. वारा कुठून सुटतो, मुंग्या अंडी घेऊन कुठं निघतात, असं ती दिसेल त्याला विचारी. लोक तिला बघून दुसऱ्या बोळानं जात, असं म्हणतात.

एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला झऱ्याच्या पाण्याला वास मारू लागला. पोरांना जुलाब लागले. काही पाळणे रिकामे झाले. लोक म्हणाले, देवी कोपली. नारळ झाले, कोंबडं झालं, वास काही जाईना. शेवटी पंचांनी ठरवलं, पुनवेला गाव उठवायचं. हौसाक्काची तान्ही नात तापानं फणफणली होती, ती वाटेत तगणार नव्हती. हौसाक्काला रडू यायचं, आणि रडता रडताही तिच्या डोक्यात एकच प्रश्न, हे पाणी येतं तरी कुठून?

ते शोधायला ती डोंगर चढली. माथ्यावर एक तळं होतं. त्यात ताग कुजत पडला होता, आणि तो तिच्याच घरचा होता. तिचा नवरा ताग पाण्यात कुजवून, त्याचा वाख काढून दोरखंड वळायचा, त्यावर घर चालायचं. तळ्याचं पाणी भरलं की पलीकडच्या उतारानं वाहून जाई, म्हणून त्याचा झऱ्याशी काही संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हौसाक्कानं घरी येऊन दसऱ्याची तोरणं सोडवली, झेंडूच्या पाकळ्या ओटीत भरल्या आणि परत जाऊन तळ्यात सोडल्या. मग येऊन झऱ्यापाशी बसली. लोक हसले, म्हातारीला लागीर झालं म्हणाले. ती अन्नाचा कण न घेता बसून राहिली. तेव्हा डोंगर आतून गुरगुरला, खडक बाजूला सरले आणि पाण्याला वाट मिळाली, असं म्हणतात. झऱ्याच्या तोंडातून पिवळ्याधमक पाकळ्या बाहेर आल्या, जणू आत्ताच खुडलेल्या. हौसाक्कानं त्या नाकाला लावल्या. त्यांना कुजक्या तागाचा वास होता.

तिला गप्प बसता आलं असतं. पण तिनं सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हटलं, "देवी न्हाई कोपली. आपला ताग कुजतोय वर, अन् गाव त्योच पितंय."

"मग खायाचं काय आपण?" नवऱ्यानं विचारलं.

"आधी पोरं जगू द्यात."

त्यानं एक पाकळी उचलून नाकाला लावली. मग उठला आणि डोंगराकडं चालू लागला. त्याच्यामागून सारं गाव गेलं आणि तागाचे भारे बाहेर ओढले. हळूहळू झरा निवळला. नात वाचली. हौसाक्का मात्र एक दिवस तळ्यापाशी गेली ती परतलीच नाही. पाण्यानं तिला आपली वाट दाखवायला आत नेलं, असं म्हणतात.

आजही त्या गावात नवी सून येवो की नवा मास्तर, त्याला आधी डोंगर चढवून तळं दाखवतात, मग झरा. दसरा सरला की तोरणांच्या पाकळ्या तळ्यात सोडतात आणि सगळे झऱ्यापाशी वाट बघत बसतात. पाकळ्या येईपर्यंत कुणी घोट घेत नाही. त्या आल्या की हुंगून बघतात आणि पहिली ओंजळ गावातल्या सगळ्यांत लहान मुलीच्या ओठांना लावतात. पाजणारी म्हातारी तिला विचारते, "सांग बाय, पानी कुठनं आलं?"

पोरीला अजून बोलता येत नसतं. तिच्या वतीनं सारं गाव डोंगराकडं हात करतं.