शंभर भट्ट्यांचा धूर

सोनगडच्या दिवाणांनी धुरावर नामी तोड काढली. संस्थानात भट्टीचे परवाने फक्त शंभर, गावोगावी वाटलेले. ज्याला नको त्याने दुसऱ्याला विकावा. रत्नशेठ चुनेवाल्याने शंभरच्या शंभर विकत घेतले आणि सगळ्या भट्ट्या एकट्या धामणवाडीत पेटवल्या. गावात खोकून खोकून माणसं मरू लागली.

घरातलं शेवटचं माणूस, सहा वर्षांची नात, पुरून साळूबाई दरबारात आली.

दिवाण म्हणाले, "म्हातारे, राज्यातला धूर कणभरही वाढलेला नाही!"

"नसंल," म्हणत साळूबाई राजांकडे वळली. "महाराज, राजवाड्याच्या शंभर दालनांत शंभर धुपाटणी जळत्यात. ती सगळी दिवाणसायबांच्या खोलीत ठेवा न् दार लावा. राजवाड्यातला धूर कणभरबी वाढायचा न्हाई."

राजांनी खरोखरच तसं करायला लावलं. दहावं धुपाटणं आत जाताच दिवाण खोकत, डोळे चोळत बाहेर पळाले.

त्याच दिवशी हुकूम निघाला: परवाना ज्या गावचा, भट्टी त्याच गावी. साळूबाईला लुगडं-चोळी मिळाली.

ती परतली तेव्हा धामणवाडीवरचं आभाळ निवळलं होतं. "बघ गं," असं म्हणायला तिच्या घरात कुणी उरलं नव्हतं.