कुसूरच्या तळ्याचे पाणी

घाटमाथ्यावरच्या धामणखोरीत, तळ्याकाठच्या पडक्या देवळात गोंदाजी महाराज राहत होते, त्या सालची ही गोष्ट. आभाळ सदा भरलेले आणि माणसांची तोंडे उतरलेली, असे ते साल! गावातला गुणाजी चितारी महाराजांचा भक्त. दिवसभर लाकडी खेळणी रंगवावीत आणि संध्याकाळी महाराजांच्या पायांशी येऊन बसावे, एवढेच त्याचे जग. त्याची बायको सगुणा क्षयाने अंथरुणाला खिळली होती. तिचे एकच मागणे होते, "अहो, माहेरचं तळं एकदा बघू द्या, मग मी सुखानं जाते." पण कुसूरचे तळे दाखवणार कुठून? बांध फुटून पंधरा वर्षे झाली होती. तिथे आता नुसता चिखल आणि बाभळी!

त्याच सुमारास शहरातले चित्रकार अष्टपुत्रे गावच्या तळ्याकाठी तैलचित्रे काढायला उतरले होते. काळे डोंगर, दाटलेले ढग आणि पाण्यावर उजेडाची एकच तिरीप! गुणाजी हात जोडून म्हणाला, "रावसाहेब, असं तळं काढायला मला शिकवा."

"लाकडी पोपट रंगवणारा तू! बरं, बस. आधी काळोख लाव, उजेड शेवटी. आणि माणूस काढलास तर मुंगीएवढा."

गुणाजी महिनाभर शिकला. मग सगुणेला विचारून विचारून त्याने कुसूरचे तळे उतरवले. पिंपळ, घाटाच्या सात पायऱ्या, मागचा डोंगर. आणि इथेच घात झाला! खेळण्यावर रंग चढला की त्याच दिवशी चकाकीसाठी रोगण फिरवायचे, ही चिताऱ्यांची पिढीजात सवय. गुणाजीने ओल्या तैलरंगावरच रोगण फिरवले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळे पाणी सुरकुतलेले.

अष्टपुत्रे पोट धरून हसले. "अरे, हा रंग वाळायला महिने लागतात! तळं कसलं, वांग्याचं भरीत केलंस. आता तुझ्या महाराजांना सांग, इस्त्री फिरवा म्हणावं!"

घरी सगुणेला घरघर लागली होती. नवे चित्र काढायला दिवस कुठून आणायचे? गुणाजी चित्र घेऊन देवळात गेला आणि ढसाढसा रडला. "महाराज, माझ्या हातानं मी माती केली!" अष्टपुत्रे मजा बघायला मागोमाग आलेच होते.

महाराज म्हणाले, "गुणाजी, वारा सुटल्यावर पाणी कधी गुळगुळीत राहतं का रे? चल, तिला दाखवू. रावसाहेब, तुम्हीही चला."

महाराजांनी चित्र सगुणेसमोर उभे केले आणि पाण्यावरून हात फिरवला. काय सांगावे मंडळी! सुरकुत्या हलू लागल्या, लाटा होऊन पायऱ्यांना लागू लागल्या. सगुणेने डोळे उघडले. "अगं बाई, कुसूर! घोटभर पाणी द्या हो मला तिथलं."

गुणाजीने बोट चित्राला लावले. बोटावरून गार पाणी ओघळले. ते त्याने तिच्या तोंडात सोडले. सगुणा हसली आणि तशीच गेली. गुणाजी तिचे डोके मांडीवर घेऊन बसून राहिला. महाराजांचेही डोळे भरून आले होते.

अष्टपुत्र्यांनी चित्राला हात लावून पाहिला. रंग खडखडीत वाळला होता. लाटा होत्या तिथेच थांबल्या होत्या. ते महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, तीस वर्षं तळी काढतोय. माझ्या पाण्यानं कुणाची तहान भागली नाही."

"माझ्या पाया काय पडता? त्याच्या पडा," महाराज म्हणाले.

अष्टपुत्रे गुणाजीपुढे वाकले. तिरडीला पहिला खांदाही त्यांनीच दिला.